न मोजलेलं म्हणजे शून्य नव्हे

अमेरिकेच्या अलास्का राज्यालगतच्या बेरिंग समुद्रात किंग क्रॅब हा मोठा खेकडा पकडायचा सापळा म्हणजे पोलादी सळ्यांची, जाळीने मढवलेली मोठी चौकोनी पेटी. रिकामी असतानाच ती अडीच-तीनशे किलो भरते. आमिष लावून ती तळाशी सोडतात, एक-दोन दिवसांनी यंत्राने दोर ओढून वर घेतात आणि आतलं सगळं डेकवरच्या टेबलावर उपडं करतात. पुढचं काम काही मिनिटांचं असतं. कायद्याने ठरवलेल्या मापाचे नर टाकीत जातात. माद्या, लहान नर आणि खेकड्यांबरोबर आलेलं बाकी सगळं पुन्हा समुद्रात जातं. या समुद्राच्या ब्रिस्टल बे भागात लाल किंग क्रॅबच्या नराचं कवच साडेसहा इंच रुंद नसेल तर तो ठेवता येत नाही, आणि मादी कुठल्याच मापाची ठेवता येत नाही.

टाकीत गेलेल्यांचा हिशेब चोख असतो. बंदरावर वजन होतं, पावती फाटते, कोट्यातून तेवढं वजा होतं. परत टाकलेल्यांचा हिशेब मात्र त्या टेबलापाशी, त्या काही मिनिटांतच होऊ शकतो. तेव्हा कुणी मोजलं नाही तर तो आकडा नंतर कुठल्याच वहीत सापडत नाही.

मग व्यवस्थापनाच्या कागदांत त्या जागी काय येतं? कुठे जुना अंदाज, कुठे कप्तानाने स्वतः भरलेली नोंद, आणि कुठे नुसती रिकामी जागा, जी बेरीज करताना शून्य होऊन बसते. या शून्याला माझा विरोध आहे. जिथे मोजणी झालेली नाही तिथे, उपलब्ध माहितीनुसार जास्तीत जास्त जेवढं नुकसान संभवतं तेवढं झालं असं धरावं आणि मासेमारीच्या वाट्यातून ते कापावं. मोजून दाखवलं की खरा आकडा लागू करावा. आज पुराव्याचं ओझं खेकड्यावर, कासवावर आणि देवमाशावर आहे. ते समुद्रातून माल काढणाऱ्याच्या खांद्यावर यायला हवं.

हेतू नसताना पकडीत आलेल्या जिवांना मासेमारीच्या जगात बायकॅच म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगभरातल्या सागरी मासेमारीत वर्षाला सुमारे ९१ लाख टन पकड पुन्हा समुद्रात टाकली जाते. एकूण पकडीच्या दहा टक्क्यांहून हे थोडं जास्तच होतं. यातला सर्वांत मोठा वाटा तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचा आहे. त्या मानाने सापळा स्वच्छ. तो एका जागी बसतो, जीव जिवंत पकडतो, आणि नको असलेला जीव जिवंत परत सोडता येतो. खेकडा पकडणारे हा मुद्दा नेहमी मांडतात आणि तो खरा आहे. पण 'जिवंत परत सोडता येतो' आणि 'सोडल्यावर जगतो' यांत अंतर आहे. ते किती आहे हे तपासल्याशिवाय सापळ्याच्या स्वच्छतेचा दावा अर्धाच राहतो.

अलास्कात हे अंतर मोजण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला आहे. स्नो क्रॅबची मासेमारी तिथे ऐन हिवाळ्यात चालते. पाण्याचं तापमान शून्याच्या आसपास असलं तरी डेकवरची हवा कितीतरी थंड असते आणि वर वारा असतो. पाण्यातून बाहेर काढलेल्या खेकड्याचे डोळे, कल्ले आणि पायांचे सांधे या हवेत गोठतात. परत टाकताना तो हलत असतो, म्हणून जिवंत वाटतो. मरतो तो पुढच्या काही दिवसांत, तळाशी, कुणाच्या नजरेला न पडता. हे कळावं म्हणून संशोधकांनी एक साधी चाचणी बसवली. पाय ओढला तर खेकडा तो आत घेतो का, डोळ्याला स्पर्श केला तर डोळा मिटवल्यासारखा आत ओढतो का, तोंडाचे अवयव हलवतो का, अशा काही प्रतिक्षिप्त क्रिया एकेक करून पाहायच्या. जितक्या क्रिया बंद पडलेल्या, तितकी मरणाची शक्यता जास्त. असे खेकडे टाक्यांमध्ये ठेवून, ते खरंच मरतात का हे पाहून या चाचणीची खातरजमा केली गेली. डेकवर उभ्या माणसाला एका खेकड्यासाठी काही सेकंद पुरतात.

एके काळी स्नो क्रॅबच्या साठ्याचं, म्हणजे समुद्रातल्या एकूण संख्येचं, गणित मांडताना सापळ्यातून परत टाकलेले निम्मे खेकडे मरतात असं धरलं जाई. अशा तपासण्यांनंतर तो आकडा ३० टक्क्यांवर आला. लाल किंग क्रॅबसाठी सापळ्यांच्या बाबतीत २० टक्के धरतात, तर ट्रॉल जाळ्यात आलेल्या खेकड्यांसाठी ८० टक्के. हे आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. ५० वरून ३० वर येणं म्हणजे मोजणीने मच्छीमारांच्या बाजूने दिलेला कौल. अज्ञान असताना वाईटातलं वाईट धरलं गेलं, मग कुणीतरी खेकडे हातात घेऊन तपासले, आणि गणित त्यांच्या बाजूने हललं. मी सगळीकडे मागतो आहे ती रीत हीच.

आता मोजायचं कुणी? अलास्का राज्याने खेकडा-जहाजांवर निरीक्षक ठेवायला १९८८ पासून सुरुवात केली. चांगल्या निरीक्षकाचं काम कंटाळवाणं आणि कष्टाचं असतं. कुठला सापळा तपासायचा हे तो आधीच यादृच्छिक पद्धतीने ठरवतो, खलाशी दाखवतील तो घेत नाही. त्या सापळ्यातला प्रत्येक जीव मोजायचा. कॉड किती, सपाट मासे किती, ऑक्टोपस, गोगलगायी, तारामासे किती. खेकड्यांची रुंदी मापायची, नर की मादी ते पाहायचं, कवच नवं की जुनं, मादीच्या पोटाखाली अंडी आहेत का, असल्यास कितपत पिकली आहेत. हे सगळं हलत्या, निसरड्या डेकवर, लाटांचा फवारा अंगावर घेत. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. साठ्याच्या अंदाजातली कितीतरी समीकरणं त्यांच्या भिजलेल्या वह्यांवर उभी आहेत.

पण निरीक्षक सगळ्या जहाजांवर नसतात, आणि असले तरी सगळे सापळे तपासू शकत नाहीत. नमुना घ्यावाच लागतो. ज्या जिवांची वर्दळ मोठी आहे, म्हणजे लहान नर, माद्या, कॉड, त्यांच्यासाठी नमुना पुरतो. शेकडा पाच सापळे नीट निवडले तरी चित्र बरंच खरं उमटतं. खरी पंचाईत होते ती क्वचित सापडणाऱ्या जिवांची.

समजा, निरीक्षकाने ३०० सापळे तपासले आणि एकातही कासव आलं नाही. अहवालात शून्य लिहिलं जातं आणि वाचणारा निर्धास्त होतो. पण संख्याशास्त्रात एक साधा नियम आहे. एखादी घटना इतक्या निरीक्षणांत एकदाही दिसली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की तिचं प्रमाण, तीनला त्या निरीक्षणांच्या संख्येने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त नसावं. ३०० सापळ्यांत शून्य याचा अर्थ, प्रमाण शंभर सापळ्यांमागे एक इथपर्यंत कितीही असू शकतं. त्या मासेमारीत हंगामभरात एक लाख वेळा सापळे उचलले जात असतील तर हा शून्य एक हजार कासवांना पोटात घेऊन बसलेला असू शकतो. हेच ३,००० सापळे तपासले आणि तरीही शून्य आलं, तर वरची मर्यादा शंभर कासवांवर उतरते.

माझ्या सूचनेचा गाभा या भागाकारात आहे. 'जास्तीत जास्त जेवढं संभवतं तेवढं धरा' असं मी म्हणतो तेव्हा ती हवेतली शिक्षा नसते. वरची मर्यादा गणिताने काढता येते, आणि तपासलेल्या प्रत्येक सापळ्यागणिक ती खाली येते. तपासणी वाढवणं मग मच्छीमाराच्याच फायद्याचं होतं. आजच्या रीतीत उलट घडतं. जितकं कमी पाहाल तितकं कमी सापडेल, आणि जितकं कमी सापडेल तितकी मासेमारी मोकळी. न पाहणाऱ्याला बक्षीस देणारा नियम प्रामाणिक माणसालाही हळूहळू डोळे मिटायला शिकवतो.

निरीक्षक चढला की जहाजाचं वागणं बदलतं हा दुसरा प्रश्न आहे. त्या फेरीत कप्तान माद्यांची गर्दी असलेली जागा टाळतो, खलाशी परत टाकायचे खेकडे जपून हाताळतात, सापळा उंचावरून आपटत नाहीत. यात लबाडी असतेच असं नाही. कुणी पाहत असलं की माणूस नीट वागतो. पण मग निरीक्षक असलेल्या फेऱ्यांचे आकडे निरीक्षक नसलेल्या फेऱ्यांना जसेच्या तसे लावणं चुकीचं ठरतं. म्हणून दोन्ही प्रकारच्या फेऱ्यांतली ठेवलेली पकड, सापळ्यांच्या जागा, खोली आणि फेरीची लांबी यांची तुलना प्रत्येक हंगामात व्हायला हवी. ही माहिती बंदरावरच्या पावत्यांत आणि जहाजांच्या स्थाननोंदींत असते. नवा खर्च जवळजवळ नाही. फरक दिसला तर निरीक्षक नसलेल्या फेऱ्यांसाठी वरची मर्यादा लावावी.

काही सापळे असे असतात की त्यांच्यावर कधीच कुणी निरीक्षक बसणार नाही. हरवलेले, दोर तुटलेले, टाकून दिलेले सापळे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर निळ्या खेकड्यांसाठी तारेचे छोटे सापळे लावतात. त्याच खाऱ्या दलदलींत डायमंडबॅक टेरापिन नावाचं कासव राहतं. त्याला श्वासासाठी वर यावं लागतं. आमिषाच्या ओढीने ते सापळ्यात शिरतं, बाहेर पडू शकत नाही आणि बुडून मरतं. जॉर्जिया राज्यात संशोधकांना नुसत्या दोन बेवारस सापळ्यांत १३३ मेलेली टेरापिन सापडली होती. सापळ्यात सहज शिरणारे असतात ते नर आणि लहान वयाची कासवं. पूर्ण वाढलेली मादी आकाराने मोठी असल्यामुळे बहुतेक वेळा आत जात नाही. म्हणजे वरवर पाहता दलदलीत मोठ्या माद्या दिसत राहतात, कासवं आहेत असं वाटतं, आणि खालून पिढी रिकामी होत जाते. अशा प्राण्याच्या बाबतीत बंदरावरून किंवा किनाऱ्यावरून केलेला कुठलाही अंदाज फसवा ठरतो.

यावर उपाय माहीत आहे. सापळ्याच्या तोंडाशी सुमारे साडेचार सेंटिमीटर उंच आणि बारा सेंटिमीटर रुंद अशी ताठ चौकट बसवली की खेकडा आत जातो आणि बहुतेक टेरापिन बाहेर राहतात. चौकटीची किंमत सापळ्याच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तरी ही सक्ती राज्याराज्यांत तुकड्यातुकड्यांनी आली. मेरीलँडमध्ये हौशी लोकांच्या सापळ्यांना ती आहे. न्यू जर्सीत अरुंद खाड्यांत आहे. बाकी ठिकाणी व्यावसायिक सापळे बऱ्याच अंशी मोकळे राहिले. कारण विचारलं तर उत्तर येतं, व्यावसायिक सापळ्यांत कासवं फार सापडत असल्याच्या नोंदी नाहीत. नोंदी नाहीत कारण नोंद घेणारा नाही. शून्य धरण्याच्या सवयीचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

हरवलेल्या सापळ्यांची संख्या क्षुल्लक समजू नये. व्हर्जिनियात २००८ ते २०१४ या काळात मच्छीमारांनाच मोबदला देऊन, सोनार यंत्राने शोध घेत, चेसापीक खाडीच्या त्या राज्याच्या पाण्यातून सुमारे ३४ हजार बेवारस सापळे काढले गेले. एका राज्याच्या एका खाडीचा हा आकडा आहे. अलास्कात प्रत्येक सापळ्याच्या भिंतीत अठरा इंचांची फट सुती दोऱ्याने शिवलेली असावी लागते. सापळा हरवला तर काही आठवड्यांत दोरा कुजतो, फट उघडते आणि आतले जीव सुटू शकतात. नियम छान आहे. पण दोरा खरोखर सुती होता का, किती दिवसांत कुजला, फट उघडल्यावर खेकडे बाहेर पडले का, हे तपासायला परत मिळालेले सापळे उघडून पाहावे लागतात. म्हणून प्रत्येक जहाजाने हरवलेल्या सापळ्यांची संख्या आणि जागा कळवणं, आणि ज्याने कळवलं नाही त्याच्या नावे जास्तीचा आकडा लावणं, हे बायकॅचच्या मोजणीत धरलं पाहिजे. आज ते बहुतेक ठिकाणी कचऱ्याच्या प्रश्नात ढकललं जातं.

देवमाशांच्या बाबतीत डेकवर उभा राहून काहीच दिसत नाही. सापळ्यापासून पृष्ठभागावरच्या बोयापर्यंत जाणारा उभा दोर देवमाशाच्या शेपटीत, पोहण्याच्या परामध्ये किंवा तोंडात अडकतो. तो सापळ्यासकट दोर ओढत निघून जातो आणि कुठेतरी दूर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, उपासमारीने किंवा जखम चिघळून मरतो. मच्छीमाराच्या दृष्टीने त्याचा एक सापळा हरवला, इतकंच.

कॅलिफोर्नियात डंजनेस खेकड्याचा हंगाम एरवी नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. २०१५ साली समुद्रातल्या उष्णतेच्या लाटेमुळे विषारी शैवालाचा भर आला, खेकड्यांमध्ये डोमोइक आम्ल हे त्या शैवालाचं विष सापडलं आणि हंगाम बऱ्याच भागात २०१६च्या मार्चपर्यंत लांबला. त्याच उष्ण पाण्यामुळे हंपबॅक देवमाशांचं खाद्य किनाऱ्याजवळ दाटलं होतं. सापळे पाण्यात उतरले तेव्हा देवमासे तिथेच होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर देवमासे दोरांत अडकल्याच्या खात्रीलायक घटना आधी वर्षाला दहाच्या आसपास असत. २०१५ आणि २०१६ मध्ये त्या पन्नाशीच्या घरात गेल्या. आणि हे फक्त दिसलेले. यांतल्या जवळपास निम्म्या घटनांत दोर कुठल्या मासेमारीचा हेच ओळखता आलं नाही.

पुढे काय झालं ते खेकडा पकडणाऱ्यांनी नीट पाहण्यासारखं आहे. २०१७ मध्ये एका पर्यावरण संघटनेने राज्याच्या मत्स्यविभागावर खटला भरला. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि त्या वर्षीचा हंगाम १५ एप्रिलला, मुदतीच्या बऱ्याच आधी, बंद करण्यात आला. २०२० च्या अखेरीस लागू झालेल्या नियमांनुसार आता हवाई पाहणीत देवमासे किती दिसले, अडकण्याच्या घटना किती झाल्या, यावरून किनाऱ्याचे भाग उघडतात आणि बंद होतात. दोर ओळखू येत नव्हता तेव्हा संशय सगळ्यांवर गेला, आणि बंदीची झळ ज्याच्या दोरात कधीच देवमासा अडकला नाही त्यालाही लागली. कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात २०१७ साली राइट व्हेल जातीचे १२ देवमासे मेले. काही जहाजांच्या धडकेने, काही दोरांत अडकून. या जातीचे चारशेहूनही कमी प्राणी आज उरले आहेत. पुढच्याच वर्षी तिथल्या स्नो क्रॅब मासेमारीचं शाश्वततेचं प्रमाणपत्र निलंबित झालं. देवमासा दिसला की तो भाग बंद करण्याची पद्धत आली, आणि २०२० पासून दोरांवर रंगखुणा सक्तीच्या झाल्या. दोर कुठल्या भागातला आणि कुठल्या मासेमारीचा हे त्या खुणांवरून कळतं.

रंगखूण ही निरीक्षणाचीच एक पद्धत आहे आणि ती अत्यंत स्वस्त आहे. ती निरपराधाला सोडवते. तरीही अनेक ठिकाणी ती उशिरा आली, कारण खूण केल्यावर दोष आपल्याच मासेमारीवर येईल अशी भीती होती. ही भीती मी समजू शकतो. पण खूण नसलेला दोर कुणाचाच नाही असं मानण्याऐवजी तो त्या पाण्यातल्या सर्व खूण नसलेल्या मासेमारीचा मानला, तर खुणा करायला कुणी थांबणार नाही.

बेरिंग समुद्रात खेकडा पकडणारेच हे तत्त्व दुसऱ्यांच्या बाबतीत मागत आहेत, हे इथे सांगायला हवं. २०१८ ते २०२१ या काळात तिथले एक हजार कोटींहून जास्त स्नो क्रॅब नाहीसे झाले. २०२२ मध्ये ती मासेमारी इतिहासात पहिल्यांदा बंद राहिली. ब्रिस्टल बेमधला लाल किंग क्रॅब त्याआधीच, २०२१ पासून, दोन हंगाम बंद होता. स्नो क्रॅबच्या पडझडीचं कारण बायकॅच नव्हतं. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार उष्णतेच्या लाटेत खेकड्यांची अन्नाची गरज वाढली, जागा आकसली आणि ते उपाशी मेले. हे स्वच्छपणे मान्य केलं पाहिजे. पण साठा इतका खाली आला की उरलेल्या प्रत्येक मादीचं मोल वाढतं, आणि जहाजं किनाऱ्याला बांधून ठेवलेल्या मच्छीमारांनी विचारलं, आम्ही थांबलो, मग त्याच तळावरून जाणाऱ्या, पोलॉक नावाचा मासा पकडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचं काय?

ही जाळी कागदोपत्री मध्यपाण्यातली. ती तळाला लागू नयेत म्हणून नियम असा, की जहाजावर एका वेळी ठरावीक मापाचे २० किंवा जास्त खेकडे सापडले तर उल्लंघन समजायचं. ऐकायला कडक वाटतो. पण या जाळ्यांच्या पुढच्या भागाची भोकं इतकी मोठी असतात की तळ घासताना चिरडलेला खेकडा जाळ्यात राहतच नाही, खालून निसटतो. डेकवर येत नाही, म्हणून मोजला जात नाही. जाळी बराच वेळ तळाला टेकतात हे अमेरिकेच्या केंद्रीय मत्स्यविभागाच्या विश्लेषणांतही आलेलं आहे. तरी न दिसणाऱ्या या मरणाचा आकडा हिशेबात नीटसा उतरलेला नाही. खेकडा पकडणारे यावर चिडतात आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. जाळ्याला तळाशी टेकल्याची नोंद करणारी संवेदक यंत्रं लावा, टेकलेल्या प्रत्येक तासामागे खेकड्यांचं जास्तीत जास्त नुकसान धरा, आणि कमी आहे असं म्हणायचं असेल तर ट्रॉलवाल्यांनी ते सिद्ध करावं, ही मागणी मला पूर्ण पटते. फक्त हेच माप सापळ्यांना लावायला त्यांनी तयार असलं पाहिजे.

यावर सर्वांत खरा आक्षेप खर्चाचा आहे. मोठ्या जहाजावर निरीक्षकाला झोपायला बंक असतो. लहान होडीवर दोन माणसं कशीबशी उभी राहतात, तिथे तिसऱ्याला जागाच नसते. निरीक्षकाचा दिवसाचा खर्च लहान मच्छीमाराच्या दिवसाच्या नफ्याहून जास्त होऊ शकतो. म्हणून खर्च होडीवर न टाकता मालावर टाकावा. अलास्कातल्या तळमासे आणि हॅलिबट मासेमारीत ही पद्धत २०१३ पासून आहे. ज्या जहाजांवर पूर्ण वेळ निरीक्षक नसतो ती उतरवलेल्या मालाच्या किमतीवर ठरावीक टक्के भरतात. २०२१ पासून हा दर १.६५ टक्के आहे. त्या पैशातून कुठल्या फेरीवर निरीक्षक जाणार हे सोडतीने ठरतं. थोडा माल आणणारा थोडं भरतो. आणि निरीक्षकाचा पगार त्याच्यासमोर उभ्या असलेल्या कप्तानाकडून येत नाही, हा यातला मोठा फायदा आहे. ज्याला मोजायचं त्याच्याच हातून पगार घेणाऱ्या माणसाने निर्भीड राहावं ही अपेक्षा अन्यायाची आहे.

कॅमेऱ्यांबद्दल सध्या फार उत्साह दिसतो. दोर ओढणारं यंत्र सुरू झालं की चित्रण सुरू होतं, सापळे किती उचलले ते कळतं, कासव, पक्षी, मोठा मासा दिसतो. लहान होड्यांसाठी हे वरदान आहे. पण खेकडा नर की मादी हे त्याला उलटा करून पोटाखालची पट्टी पाहिल्यावरच नीट कळतं. नराची अरुंद, मादीची रुंद. अंड्यांची अवस्था, कवचाचं वय, प्रतिक्षिप्त क्रिया, यांतलं काहीच कॅमेरा सांगू शकत नाही. कॅमेरा लावला म्हणजे निरीक्षक काढता येईल असं ठरवणाऱ्या यंत्रणा मोजणीचा सर्वांत मौल्यवान भाग गमावतील. शिवाय डेक हे खलाशांचं कामाचं आणि राहण्याचंही ठिकाण आहे. चित्रण फक्त टेबल आणि कठडा यांचंच व्हावं, ते बायकॅचच्या मोजणीशिवाय दुसऱ्या कशासाठी वापरू नये, आणि मोजणी झाल्यावर ठरल्या मुदतीत पुसलं जावं, हे कायद्यात लिहिलेलं असावं. त्याशिवाय खलाशांनी कॅमेरा का स्वीकारावा?

शिक्षेचा मुद्दाही असाच नाजूक आहे. कासव सापडल्याचं लिहिलं म्हणून दंड होणार असेल तर कुणीही लिहिणार नाही. अमेरिकेच्या सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यात यासाठी चांगली वाट आहे. नोंदणी केलेल्या मच्छीमाराच्या हातून अनवधानाने असा प्राणी जखमी झाला किंवा मेला तर फेरी संपल्यापासून ४८ तासांत कळवायचं. कळवणाऱ्याला त्या घटनेसाठी शिक्षा नाही, लपवणाऱ्याला आहे. टेरापिन, पक्षी, दुर्मीळ मासे यांच्यासाठीही हेच असावं. वजावट संपूर्ण मासेमारीच्या सामायिक वाट्यातून व्हावी, एका होडीच्या माथी मारली जाऊ नये.

हाच १९७२ चा कायदा असंही सांगतो की परदेशातून येणारी मासळी पकडताना सागरी सस्तन प्राण्यांचं किती नुकसान होतं, याचा पुरावा निर्यात करणाऱ्या देशाने द्यायचा. पुराव्याचं ओझं नेमकं हवं तिथे. पण ते कलम अमलात आणणारा नियम यायला २०१६ उजाडलं, आणि त्यानंतरही सवलतीची मुदत पुनःपुन्हा वाढत २०२५ च्या अखेरपर्यंत गेली. आयात मालाला लावायचं हे तत्त्व प्रत्येक देशाने घरच्या सापळ्यांनाही लावावं, आणि पन्नास वर्षं न घेता लावावं.

राहिला वेळेचा प्रश्न. बेरिंग समुद्रातल्या साठ्याचं सर्वेक्षण उन्हाळ्यात होतं, सप्टेंबरमध्ये शास्त्रज्ञ गणितं मांडतात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोटा जाहीर होतो आणि १५ ऑक्टोबरला हंगाम उघडतो. परत टाकलेल्या खेकड्यांचे, हरवलेल्या सापळ्यांचे आणि अडकलेल्या प्राण्यांचे आकडे ऑगस्टअखेर सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध झाले तरच ते त्या गणितात उतरतात. प्रत्येक मासेमारीचं असंच वेळापत्रक असतं. त्या तारखेपर्यंत ज्या रकान्यात आकडा आला नसेल त्या रकान्यात वरची मर्यादा भरून कोटा जाहीर करावा, आणि उशिरा आलेला खरा आकडा पुढच्या हंगामात जमा धरावा.